फुलआडाचा दिवा

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

दिवसभर उपास आणि संध्याकाळी उत्सव समितीची बैठक, म्हणजे पोटात काही नाही आणि डोक्यात नको तेवढं. पण आजची बैठक नेहमीसारखी चहा पिऊन संपली नाही.

आपल्या लातूरच्या जुन्या वस्तीतल्या फुलआडावर गेली पस्तीस वर्षं दर चैत्रात फुलांचा उत्सव भरतो. नळ आले तेव्हा आडावर स्लॅब टाकला आणि त्या स्लॅबवरच उत्सव सुरू झाला. फुलांची आरास, रोपांचं प्रदर्शन, रांगोळ्या. शेवटच्या दिवशी सगळी फुलं स्लॅबच्या गोल भोकातून आडात सोडायची. पस्तीस वर्षांची फुलं या आडाच्या पोटात आहेत, हे वाक्य मी स्मरणिकेसाठी आत्ताच राखून ठेवलं आहे.

अध्यक्ष आनंदराज म्हणाले, "मंजुश्रीताई, या साली मुळापासून करू. स्लॅब काढून टाकू. पहिले लोक फुलं घेऊन आडात उतरायचे म्हणतात, तसंच करायचं. लोकांना कळू द्या की हे कुठून आलं."

आनंदराज फुलांचे ठोक व्यापारी. त्यांना मूळ वगैरेची फिकीर नसते, गर्दी कशाला जमते ते मात्र बरोबर कळतं. पण मला आवडलं. तीस वर्षं वाचनालय सांभाळलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं रांगेत लावलं. या वेळी उत्सवाचा उगम मी लिहिणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गंगम्माकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, आवाज मात्र खणखणीत. तिचा नवरा आडात उतरणारा शेवटचा माणूस. ती बाहेर ओट्यावर बसून दोऱ्यात शेवंती ओवत होती. मला पाहून म्हणाली, "ये मंजक्का, पुस्तकं टाकून इकडं कशी?"

उत्सवाचं विचारलं तर हसली. "उत्सव कशाचा गं? उन्हाळ्याच्या आधी आड साफ करायचा असतो. गाळ, पाला, सगळं काढायचं. त्याच्या आधी टोपलीत फुलं अन् दिवा ठिऊन खाली सोडायचा. मग गडी उतरायचा, कोनाड्यातल्या लिंगाला फुलं वाहायचा. त्याच्या मागनं बाकीचे."

आणि ती गायला लागली. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, घरी येऊन उतरवलं:

आधी उतरू दे दिवा, मग उतरू दे फूल
दिवा विझंल ज्या गाठी, तिथं थांबू दे पाऊल

दिवा आला गं माघारी, तवा धन्याला धाडा
न्हाई आला तर बायांनो, आड उघडाच सोडा

काय सुंदर आहे! कुठल्या पुस्तकात नाही हे. निघताना गंगम्माने पेटीतून दोर काढून दिला. जुना, घोड्याच्या शेपटीसारखा राठ, दर दोन हातांवर गाठ. पाणी बाराव्या गाठीला, कोनाडा दहाव्या. नऊ नंबरच्या गाठीला तांबडी चिंधी बांधलेली आहे. कशासाठी म्हणून विचारायचं राहिलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्लॅब फोडला. कामगारांनी शेवटचा तुकडा बाजूला केला आणि सगळे पुढे वाकले. मला वाटलं होतं पारवे फडफडत बाहेर येतील, आडात असतातच. एकही नव्हता. कोळ्याचं जाळंसुद्धा वरच्या दोन हातांत होतं तेवढंच.

वास मात्र आला. शिळ्या हारासारखा गोडसर. पस्तीस वर्षांचं निर्माल्य. मी बराच वेळ काठावर ओणवी होऊन फोटो काढत होते. घरी आल्यावर डोकं भणभणलं. पित्त असणार, उन्हात माझं नेहमीच बिघडतं.

आनंदराजांनी लगेच प्लायवूड टाकून तोंड झाकून घेतलं. उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते आहे, त्याआधी लोकांनी बघून घेतलं तर मजा काय राहिली?

१ मार्च, रविवार

आडात पहिला कोण उतरणार यावर दोन तास काथ्याकूट झाला. शिडी लावायची तर देखावा जातो. दोरावरून उतरायला तसा माणूस हवा. शेवटी मीच नाव सुचवलं: माझे जावई, वीरेश.

इथे कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते. अक्षराने वीरेशशी लग्न ठरवलं तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. मला इंजिनिअर हवा होता. वीरेश शिरूर अनंतपाळचे, इथल्या शाळेत मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवतात. मी माझ्या बहिणीला फोनवर म्हणाले होते, "दोरीला लटकणारा जावई मिळालाय." अक्षराने ते ऐकलं होतं. बहुतेक त्यांनीही. अक्षराचे बाबा गेल्यापासून घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक नळ त्यांनीच दुरुस्त केला, कधी बोलून दाखवलं नाही.

आता सगळं लातूर त्यांना बघेल. उतरायचा मान माझ्या जावयाचा. मला हे त्यांचं देणं द्यायचंच होतं.

अक्षराला सातवा लागलाय. ती म्हणाली, "आई, खोल आहे का गं?" मी म्हटलं, "चोवीस हात. ते रोज शाळेत याहून जास्त चढतात."

५ मार्च, गुरुवार

स्मरणिकेचा लेख पूर्ण. शीर्षक "फुलआड: उगम आणि परंपरा". आनंदराज म्हणाले, चार पानांत बसवा, बाकी जाहिराती आहेत. म्हणून ओव्यांची दुसरी जोडी काढली. तशीही ती ऐन उत्सवात बरी दिसली नसती. "न्हाई आला तर" काय! पाहुणे, मंडप, बँड, आणि आपण छापणार की दिवा विझला तर सगळे घरी जा. पहिल्या जोडीतली दुसरी ओळही बदलली: "दिव्यासंगती येऊ दे, लक्ष्मीचं पाऊल". वाचायला गोड झाली आहे.

शेवटी मी एक परिच्छेद घातला आहे, तो मला विशेष आवडला. दिवा विझणे हा पूर्वी अपशकुन मानत. आपण संस्कृती ठेवू, अंधश्रद्धा सोडू. वाचनालयाच्या बाईने एवढं तरी म्हणायलाच हवं.

१० मार्च, मंगळवार

टोपलीची पहिली तालीम. पितळी निरांजन, फुलवात, घरचं तूप. गंगम्माचाच दोर. सात, आठ, आणि नवव्या गाठीला दिवा गप्पकन विझला. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा नवव्या गाठीलाच.

आनंदराज म्हणाले, "आत वारा आहे." मी म्हटलं कुठून तरी जुनं भगदाड असेल. तूप बदलून तेल घालून बघू.

१४ मार्च, शनिवार

तेल घातलं, वात जाड केली, भोवती काचेची चिमणी बसवली. दिवा आज आठव्या गाठीपर्यंतसुद्धा गेला नाही. उन्हं वाढली तसा आतला वारा वर सरकत असावा. चार दिवसांत भर दुपारचं ऊन कसलं तापायला लागलंय, लातूरकरांना सांगायला नको.

वीरेश तालमीला आले होते. काठावर बसून बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मामी, एक विचारू का? वारा असता तर ज्योत आधी हलली असती. ही हलत नाही, नुसतीच बारीक होते आणि जाते."

मला हसू आलं. मी म्हटलं, "जावईबापू, भीती वाटायली का? तसं सांगा, शिडी लावून देतो."

सगळे हसले. वीरेशही हसले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "भीती कशाची, मामी," म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले. घरी येताना मला थोडं वाईट वाटलं. चारचौघांत बोलायला नको होतं. पण उत्सव नऊ दिवसांवर आलाय आणि जो तो शंका काढतोय.

१६ मार्च, सोमवार

प्रश्न सुटला! गांधी चौकातल्या दुकानात बॅटरीचे दिवे मिळतात, अगदी पणतीसारखे, ज्योत लुकलुकते. सहा आणले. दोन निरांजनात बसवले, भोवती फुलं लावली, कोणाला कळणारही नाही. अकराव्या गाठीपर्यंत सोडले आणि वर घेतले. जसेच्या तसे. आनंदराजांनी टाळ्या वाजवल्या. "ताई, डोकं चालतं तुमचं!"

चार वेळा खाली-वर केले. एकदाही विझले नाहीत.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. वीरेशनीच काठी बांधली. पुरणपोळी खाताना म्हणाले, आडात उतरताना कमरेला पट्टा बांधू का. आनंदराजांना फोन केला. त्यांचं म्हणणं, ओलं धोतर, उघडं अंग, विभूती, असा फोटो हवा, पट्टा दिसेल. वीरेश म्हणाले, "बरं." अक्षरा जेवण अर्धं टाकून उठली. हल्ली तिला काही जात नाही.

२२ मार्च, रविवार

गंगम्मा काठी टेकत मंडपात आली. सगळीकडे झेंडूच झेंडू, मधोमध प्लायवूडवर फुलांचा गालिचा. ती तिथे उभी राहून नाकपुड्या फुलवत होती.

"आड झाकून ठिवलाव?"

"उद्या उघडायचाय, गंगम्मा."

"कोंडलाय त्यो. लई कोंडलाय. आठ दिस उघडा ठिवा, बादल्या सोडून पानी ढवळा, पाला काढा. मग बघा."

मी तिला समजावलं की उद्या पाहुणे येणार, पत्रिका वाटल्या. ती म्हणाली, "दिवा सोडून बघितलाव का?"

"बघितला की! चार वेळा. चारही वेळा माघारी आला."

गंगम्माने माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले आडाला. "आला असंल तर बरं झालं," म्हणाली. "मंग जाऊ दे लेकराला."

खोटं बोलले असं मला वाटलं नाही. दिवा आला होताच.

२३ मार्च, सोमवार. सकाळी सात

दोन ओळीच लिहिते, निघायचंय. स्मरणिकेच्या बाराशे प्रती आल्या. मुखपृष्ठ देखणं झालंय. वीरेश अंघोळ करून लिंगपूजेला बसलेत. अक्षराने त्यांच्या कपाळाला स्वतः विभूती लावली. मी त्यांना म्हटलं, "मी तुमच्याबद्दल पूर्वी काही बोलले असेन तर..." त्यांनी वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "मामी, आज नको. संध्याकाळी बोलू."

हातात हात घालून दोघं पुढे गेलीत. छान दिसतात.

३ एप्रिल, शुक्रवार

लिहून ठेवते. लिहिलं नाही तर मीच ते हळूहळू बदलून टाकेन, एवढं मला आता माझ्याबद्दल कळलं आहे.

अकरा वाजता फुलांचा गालिचा बाजूला केला. टोपली खाली सोडली. मी माइकवर ओवी म्हटली, माझी सुधारलेली. टोपली वर आली, दोन्ही दिवे लुकलुकत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँड सुरू झाला. वीरेश दोरावर गेले. एका हाताने लोकांना नमस्कार केला. किती सहज उतरत होते. मी गाठी मोजत होते, अभिमानाने. पाच. सहा.

सातव्या गाठीला ते थांबले. वर बघितलं. काहीतरी म्हणाले. बँड चालू होता. मी हाताने खूण केली, चला, चला.

आठव्या गाठीला त्यांचे हात सुटले. ते ओरडले नाहीत. पाण्याचा आवाजसुद्धा बँडमुळे ऐकू आला नाही.

मग चार-पाच जण धावले. त्यांच्या शाळेचे दोन शिक्षक, आनंदराजांचा भाऊ. दोराला हात घातला. आणि गंगम्मा आडाच्या तोंडाशी आडवी पडली. सरळ आडवी, काठावर, दोन्ही हात पसरून.

"एक गेला. दुसरा न्हाई जानार! माझ्या अंगावरनं जावा!"

मी तिचे केस धरून ओढले. तिच्या दंडावर नखं रुतवली. तिला काय काय बोलले ते इथेही लिहवत नाही. ती हलली नाही. अग्निशमनाची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं ती तशीच पडून होती आणि कोणीही उतरलं नाही.

तोंडाला मुखवटा लावलेला माणूस खाली गेला, वीरेशना घेऊन आला. नंतर तो मला म्हणाला, "बाई, खाली हवाच न्हवती. सडल्या फुलांचा गॅस साचलेला. माणूस दोन श्वासांत जातो. आधी दिवा सोडून कोणी बघितलं न्हाई का?"

"सोडला होता," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळला त्यांच्या शेतात खड्डा काढला. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. पद्मासनात बसवलं, हातात लिंग दिलं, खाली उतरवलं. मग बेल आणि फुलं. फुलं आनंदराजांनी पाठवली होती, टेम्पो भरून. उत्सवाचीच होती. लोक ओंजळी भरभरून टाकत होते आणि फुलांनी आधी त्यांचे गुडघे झाकले, मग हात, मग छाती.

११ एप्रिल, शनिवार

गंगम्माकडे गेले. ती तशीच ओट्यावर, दंडावर माझी नखं काळीनिळी. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझीच चूक हाय, मंजक्का," ती म्हणाली. "मी तुला गानं म्हनून दावलं. सांगितलं न्हाई. आमाला बी कुनी येगळं सांगितलं न्हवतं. मला वाटलं, गान्यात हाय म्हंजी तुला कळलं."

मी म्हटलं, त्या ओळी मी काढून टाकल्या. मग तांबड्या चिंधीचं विचारलं. नवऱ्याचा थोरला भाऊ त्या गाठीला गेला होता, म्हणाली. तेव्हापासून तिथे चिंधी.

आनंदराजांचा फोन आला होता. पुढच्या वर्षीपासून उत्सव वीरेशच्या नावाने करू म्हणतात. "उगमाचा लेख नव्याने लिहा ताई. बलिदान वगैरे." मी फोन ठेवून दिला. वाचनालयात स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती आहेत, साडेतीनशे. रोज वीस-पंचवीस घेऊन बसते. चौथ्या पानावर माझी ओळ खोडते आणि चारही खऱ्या ओळी पेनाने लिहिते. खाली लिहिते: दिवा तेलाचाच हवा. का, तेही लिहिते. वाटलेल्या साडेआठशे प्रतींचं काय करायचं ते मला माहीत नाही.

२० एप्रिल, सोमवार

अक्षरा आज सासरी गेली. बाळंतपण तिकडेच करणार. सासरे गाडी घेऊन आले होते, माझ्याशी नीट बोलले, चांगले लोक आहेत.

महिनाभर ती माझ्याशी बोललेली नव्हती. बॅग भरून झाल्यावर दारात थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पाचवीत असताना तूच मला दाखवलं होतंस, आई. स्वयंपाकघरात. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवायचा. मी रडले होते मेणबत्ती गेली म्हणून, आणि तू म्हणालीस, वेडाबाई, हवा संपली, एवढंच."

ती गेली.

पोलिसांनी गेल्या आठवड्यात टोपली परत दिली होती. मी ती उघडलीच नव्हती. आज उघडली. फुलांचा चोथा झालाय. एक दिवा बंद पडलाय, दुसऱ्याचं बटण दाबलं, तो लुकलुकतोय अजून. फार क्षीण, पण आहे.

स्वयंपाकघरात ओट्यावर दोन काचेचे ग्लास घेतले. एका पणतीत तेल घातलं, वात पेटवली, तिच्यावर ग्लास उपडा ठेवला. दुसरा ग्लास त्या बॅटरीच्या दिव्यावर. आणि मोजायला लागले.

ज्योत हलली नाही. वीरेश म्हणाले होते तशीच, नुसती बारीक होत गेली. सातपर्यंत मोजलं, आठ म्हणायच्या आत ती गेली. काचेत थोडा धूर राहिला.

दुसरा तसाच लुकलुकत होता. मी स्टूल घेऊन समोर बसले. दुपार झाली, दूधवाला येऊन गेला, ऊन ओट्यावरून खाली उतरलं. तो दिवा अजून विझलेला नाही.